३० जुलै : सांगोल्याचे आबा

एकाच मतदारसंघातून, एकाच पक्षातून ११ वेळा आमदार झालेले गणपतराव ऊर्फ आबा देशमुख यांचे २०२१ मध्ये आजच्या दिवशी सोलापुरात निधन झाले. वय ९४. सोलापूर जिल्ह्यातील सांगोला हा दुष्काळी तालुका आणि पक्ष शेतकरी कामगार (शेकाप). पक्षाची ताकद राज्यभर ओसरत गेली, तरी आबांनी झेंडा बदलला नाही.

१९६२ मध्ये ते प्रथम विधानसभेत गेले. १९७२ आणि १९९५ मध्ये मात्र मतदारांनी त्यांना घरी बसवले. दुसऱ्या खेपेस तर अवघ्या १९२ मतांनी! १९७८ आणि १९९९ मधली मंत्रिपदे सोडली, तर बहुतेक काळ ते विरोधी बाकांवरच होते. दुष्काळी भागाच्या पाण्यासाठी स्वातंत्र्यसैनिक नागनाथअण्णा नायकवडी यांच्यासोबत त्यांनी आटपाडीच्या पाणी परिषदा गाजवल्या. सांगोल्याची सहकारी सूतगिरणीही त्यांनीच उभी केली. आमदार होऊनही एसटीने प्रवास करणारा हा माणूस. आज ही गोष्ट नव्या आमदारांना दंतकथा वाटेल.

२०१९ मध्ये ते स्वतः लढले नाहीत. नातू डॉ. अनिकेत थोडक्यात हरले. २०२४ मध्ये दुसरे नातू डॉ. बाबासाहेब देशमुख यांनी सांगोला पुन्हा शेकापकडे आणले.