चेंगराचेंगरीचा कर्ता कोण?

२८ डिसेंबर १९९१. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या सिटी कॉलेजच्या जिममध्ये त्या संध्याकाळी बास्केटबॉलचा सामना होता. खेळणारे कॉलेजचे नव्हते, हिप-हॉपच्या दुनियेतले स्टार होते. सामना भरवला होता रॅपर हेवी डी आणि शॉन कोम्ब्स यांनी. कोम्ब्स तेव्हा बावीस वर्षांचा होता. 'पफ डॅडी' हे नाव जगभर गाजायला अजून काही वर्षं होती. जिम मिळालं होतं कॉलेजच्या विद्यार्थी संघटनेच्या नावावर. जमणारा पैसा एड्सच्या जनजागृतीला जाणार, असं जाहीर झालं होतं. रेडिओवर जाहिराती झाल्या होत्या.

जिममध्ये मावायची माणसं होती २,७३०. आली सुमारे ५,०००.

बाहेर थंडी होती. रांगा होत्या, मग त्या मोडल्या. हातात तिकीट असलेले आणि नसलेले एकमेकांत मिसळले. सामना सुरू होतोय, आत जागा उरलेली नाही, अशी कुजबुज सुरू झाली तसे लोक इमारतीच्या दारातून आत घुसले. लॉबीतून जिमकडे जायला एक छोटा जिना खाली उतरत होता. जिन्याच्या पायथ्याशी जिमची दारं होती आणि त्यांतलं एकच उघडं होतं. शिवाय ही दारं उघडायची ती जिन्याच्या बाजूला, म्हणजे गर्दीच्या अंगावर. माणसं दाराला चिकटली की दार उघडणं शक्यच नाही. वरून येणाऱ्यांना खालचं काही दिसत नव्हतं. ते येतच राहिले.

नऊ जण मेले. सगळे तरुण. बहुतेकांचा मृत्यू गुदमरून झाला. आपल्याकडे अशा बातमीचा मथळा ठरलेला असतो: 'चेंगराचेंगरीत नऊ ठार'.

हा शब्द मला बरीच वर्षं खटकतो आहे. मारामारी, ढकलाढकली, ओढाओढी, चेंगराचेंगरी. या घडणीच्या शब्दांत क्रिया करणारे आणि क्रिया सोसणारे एकच असतात. मारामारी करणारे एकमेकांना मारतात. तसं चेंगराचेंगरीत लोक एकमेकांना चेंगरतात. म्हणजे ज्याने जिना बांधला, ज्याने एकच दार उघडं ठेवलं, ज्याने २,७३० च्या जागेसाठी रेडिओवर हाका मारल्या, त्यांच्यापैकी कुणालाही या शब्दाच्या व्याकरणात जागा नाही. मेलेलेच कर्ते आणि मेलेलेच कर्म.

आता गर्दीत माणूस मरतो कसा, ते पाहू. पायाखाली तुडवला जातो, अशी आपली समजूत असते. जॉन फ्रुइन या अमेरिकन इंजिनिअरने १९९३ मध्ये अशा दुर्घटनांवर एक निबंध वाचला. त्याने दाखवलं की बरेच जण उभ्या-उभ्याच मरतात. एका चौरस मीटरमध्ये साधारण सात माणसं झाली की गर्दी 'माणसं' राहत नाही, पाण्यासारखी वागू लागते. मागून आलेला धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि माणसाला उचलून काही मीटर नेतो. छातीवरचा दाब इतका होतो की श्वास घ्यायला फासळ्या फुगतच नाहीत. हाच दाब लोखंडी कठडेही वाकवतो.

फ्रुइनने चार गोष्टी मोजायला सांगितल्या: बळ, माहिती, जागा आणि वेळ. यांतली माहिती मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढे माणूस पडलाय हे पुढच्याला कळतं, मागच्याला नाही. मागचा दुष्ट नसतो, त्याला फक्त दिसत नसतं. आगीतून पळणारी गर्दी आणि हवी ती गोष्ट मिळवायला धावणारी गर्दी यांतही फ्रुइनने फरक केला. कॉलेजच्या कार्यक्रमांतली गर्दी बहुतेक वेळा दुसऱ्या जातीची असते. तिला घाबरून पळायचं नसतं. तिला फक्त पहिलं गाणं चुकवायचं नसतं.

सिटी कॉलेजच्या घटनेनंतर महापौर डेव्हिड डिंकिन्स यांनी त्यांचे उपमहापौर मिल्टन मोलेन यांना चौकशी करायला सांगितलं. महिन्याच्या आत, जानेवारी १९९२ मध्ये, अहवाल आला. त्याचं शीर्षकच 'जबाबदारीतलं अपयश' अशा अर्थाचं होतं. तिथे आयोजकांची माणसं होती, कॉलेजची सुरक्षा होती, शहराचे पोलीसही होते. म्हणजे सुरक्षेसाठी माणसं कमी होती असं नाही. दार उघडा किंवा कार्यक्रम थांबवा, हे सांगण्याचा अधिकार नक्की कुणाचा, ते मात्र ठरलेलं नव्हतं. आतली गर्दी आयोजकांची, इमारत कॉलेजची, रस्ता पोलिसांचा. लॉबी आणि जिना कुणाच्याच वाट्याला आला नाही.

आपण 'सुरक्षा' हा एकच शब्द दोन वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो, याचाही इथे संबंध आहे. एक सुरक्षा म्हणजे नको ती माणसं आत येऊ न देणं. दुसरी म्हणजे आत आलेल्या माणसाला इजा होऊ न देणं. पहिलीला बंद दार लागतं, दुसरीला उघडं. हार्लेममध्ये फुकटे घुसू नयेत म्हणून पहिल्या सुरक्षेची काळजी घेतली गेली, आणि त्याच दाराशी दुसरी मेली.

बत्तीस वर्षांनी, २५ नोव्हेंबर २०२३ रोजी, हेच कोचीत घडलं. कोचीन विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचा 'धिषणा' हा टेक फेस्ट चालू होता. शेवटी निकिता गांधीचा कार्यक्रम होता, खुल्या प्रेक्षागृहात. प्रेक्षागृह उतारावर होतं. गेटातून आत शिरलं की लगेच खाली जाणाऱ्या पायऱ्या. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच गेटाबाहेर गर्दी साचली होती. त्यात पाऊस आला आणि लोक एकदम आत धावले. पुढचे पायऱ्यांवरून पडले, मागचे त्यांच्यावर. चौघांचा जीव गेला. तिघे त्याच विद्यापीठाचे विद्यार्थी होते, चौथा बाहेरून गाणं ऐकायला आलेला तरुण. साठेक जण जखमी झाले.

दोन्ही ठिकाणी उतरता जिना, अरुंद तोंड, वाट बघून कंटाळलेली पोरं आणि पुढचं काही न दिसणारे मागचे लोक. चर्चा मात्र पोरं कशी बेशिस्त होती, याचीच जास्त झाली.

मला जास्त अस्वस्थ करते ती दुसरी गोष्ट. केरळात नियम नव्हते असं नाही. २०१५ मध्ये तिरुवनंतपुरमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ओणमचा जल्लोष चालू असताना विद्यार्थ्यांच्या जीपची धडक बसून एक विद्यार्थिनी गेली होती. त्यानंतर सरकारने कॅम्पसमधल्या कार्यक्रमांसाठी आदेश काढला होता. कोचीच्या घटनेनंतर तो आदेश पुन्हा फायलीतून बाहेर आला. कार्यक्रमाच्या काही दिवस आधी पोलीस बंदोबस्त मागणारं एक पत्र विद्यापीठातच एका कार्यालयातून दुसऱ्याकडे गेल्याचंही समोर आलं. पोलिसांचं म्हणणं, आमच्याकडे लेखी काही आलंच नाही. इथेही कुणाच्याच वाट्याला न आलेला एक जिना होता, फक्त कागदांमधला.

महाराष्ट्राला हा शब्द नवा नाही. २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधानभवनावर आलेल्या गोवारींच्या मोर्चात ११४ माणसं गेली, आणि त्या मृत्यूंनाही 'चेंगराचेंगरी' हेच नाव मिळालं. मोर्चा अडवणारे कठडे आणि पोलिसांच्या लाठ्या त्या शब्दात मावल्या नाहीत. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर २३ जण मेले. तिथेही पाऊस होता आणि जिना होता. पावसामुळे लोक पुलावर थांबलेले, आणि लोकलमधून उतरणारे मागून येतच होते. रेल्वेच्या चौकशीत पावसावर बोट ठेवलं गेलं. मुंबईत पाऊस पडतो, ही काही त्या सकाळी समजलेली गोष्ट नव्हती.

मी कॉलेजच्या फेस्टमध्ये दोन वर्षं गेटवर उभा राहिलोय. गळ्यात ओळखपत्र, मनगटावर बँड, हातात मोबाइल. हजारभर पोरं एका मैदानात जमली की नेटवर्क जातं, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं, तरी सगळा समन्वय व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ठरलेला असतो. गेटवरच्या पोराला आत किती माणसं गेलीत ते माहीत नसतं. स्टेजवरच्याला गेटबाहेर किती आहेत ते माहीत नसतं. परवानगीच्या अर्जात आवाजाची वेळ असते, पाहुण्यांचं नाव असतं, प्रायोजकांचा बॅनर कुठे लावायचा तेही असतं. कार्यक्रम थांबवायचा निर्णय कोण घेणार, असा रकाना मी पाहिलेला नाही.

दुर्घटनेनंतरचं आपलं ठरलेलं उत्तर म्हणजे बंदी. सेलिब्रिटी नको, रात्रीचे कार्यक्रम नकोत, बाहेरचे नकोत. यातलं 'बाहेरचे नकोत' अगदीच खोटं नाही. ६ फेब्रुवारी २०२० रोजी दिल्लीच्या गार्गी कॉलेजच्या फेस्टमध्ये पुरुषांचे घोळके गेट ओलांडून घुसले आणि मुलींशी जे वागले, ते मुलींनी स्वतः जगासमोर मांडलं. २०२२ मध्ये मिरांडा हाऊसच्या भिंतींवरून चढून आलेल्यांचे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिले. मुलींसाठी पहिली सुरक्षा, बंद गेटवाली, ही चैन नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर भिंत उंच होते, गेट एकच उरतं, आणि आतल्या तीन हजार मुलींना बाहेर पडायला तेवढंच तोंड राहतं. दोन्ही सुरक्षा एकाच वेळी हव्या असतील, तर आत येण्याची वाट आणि बाहेर पडण्याची वाट वेगळी ठेवावी लागते. बाहेर पडायच्या वाटेवर असं दार लागतं, जे आतून ढकललं की उघडेल आणि बाहेरून उघडणार नाही. बहुतेक थिएटरांत असं दार असतं. हे काही मोठं विज्ञान नाही.

बाकीचंही फार अवघड नाही. जागेत किती माणसं मावतात तो आकडा आधी काढायचा आणि पास त्यापेक्षा कमी वाटायचे. गेट कार्यक्रमाच्या बरंच आधी उघडायचं, म्हणजे बाहेर गर्दी साचत नाही. रांग जिन्यावर किंवा उतारावर संपू द्यायची नाही. पाऊस आला तर लोक कुठे जातील, ते आधी ठरवायचं. पुढचं दिसणारा एक माणूस आणि मागच्यांना ऐकू जाईल असा एक भोंगा ठेवायचा. आणि एकाच व्यक्तीला, नाव लिहून, संगीत बंद करायचा अधिकार द्यायचा. त्या व्यक्तीने तो वापरला तर दुसऱ्या दिवशी तिच्यावर कुणी चिडायचं नाही, हेही आधीच ठरवायचं. शेवटची अट सगळ्यात कठीण आहे, कारण जी दुर्घटना टळली ती कुणाला दिसत नाही. दिसतो तो फक्त थांबवलेला कार्यक्रम.

सिटी कॉलेजच्या प्रकरणात फौजदारी खटला कुणावर झाला नाही. मेलेल्यांच्या घरच्यांनी आणि जखमींनी भरपाईचे दावे लावले आणि ते वर्षानुवर्षं चालले. सात-आठ वर्षांनी न्यायाधीश लुई बेन्झा यांनी निकाल दिला: निम्मी जबाबदारी कॉलेजची, निम्मी कोम्ब्स आणि हेवी डी यांची. कर्ता कोण, या प्रश्नाला मिळालेलं इतकं स्वच्छ उत्तर मी फार कमी वेळा वाचलंय. तोपर्यंत त्या जिन्यावर गेलेल्या नऊ जणांच्या बरोबरीची पोरं नोकरीला लागली होती, काहींची लग्नं झाली होती.