एरिएल ते कॅलिबन : एका रोषाचा वाङ्मयीन इतिहास

लॅटिन अमेरिकी लेखकांनी संयुक्त संस्थानांच्या सत्तेविरुद्ध व्यक्त केलेला रोष हा सामान्यतः राजकीय इतिहासाचा विषय मानला जातो. साहित्यविचारात त्याची रवानगी बहुधा ‘प्रचार’ या सदरात होते. दोन्ही रीतींत एक महत्त्वाची गोष्ट निसटते. हा रोष म्हणजे एखादी स्थिर भावना नव्हे. तो सुमारे शतकभर चाललेला युक्तिवाद आहे. सत्तेचे स्वरूप पालटले तसे या युक्तिवादाचे रूपकही पालटत गेले, आणि प्रत्येक रूपकाने काही उघड केले तसे काही झाकूनही ठेवले. या झाकलेल्या भागाचा विचार केल्याशिवाय रोषाचे मोल ठरवता येत नाही.

वादाचा प्रारंभ नावापासूनच होतो. संपूर्ण खंडाचे नाव एका राष्ट्राने स्वतःपुरते घेतले, ही घटना केवळ भाषिक नव्हती. १८२३ च्या मन्रो सिद्धान्ताने युरोपीय सत्तांना या खंडात नव्या वसाहती स्थापण्यास मज्जाव केला. पण १८४६-४८ च्या युद्धानंतर मेक्सिकोचा विस्तीर्ण प्रदेश संयुक्त संस्थानांकडे गेला, तेव्हा राखणदार आणि मालक यांतील अंतर किती अल्प आहे हे शेजाऱ्यांना उमगले. होसे मार्ती या क्यूबन कवीने १८९१ मध्ये लिहिलेल्या निबंधाचे शीर्षकच ‘आमची अमेरिका’ असे आहे. त्यातील सर्वनाम हाच त्याचा सिद्धान्त होय. मात्र मार्ती हा दुरून शत्रू पाहणारा लेखक नव्हता. १८८० नंतरची बहुतेक वर्षे त्याने न्यूयॉर्कमध्ये काढली. १८८२ मध्ये इमर्सनवर आणि १८८७ मध्ये व्हिटमनवर त्याने लिहिलेले निबंध हे स्पॅनिश भाषेतील त्या कवींच्या आस्वादाचे आरंभबिंदू ठरले. १८८९-९० च्या सर्व-अमेरिकी परिषदेचे वृत्तान्तही त्यानेच लिहिले. व्हिटमनचा देश आणि बाजारपेठा शोधणारा देश हे एकच आहेत, या जाणिवेतून त्याचा विरोध घडला. म्हणून तो द्वेष न राहता चिकित्सा झाला.

१८९८ च्या युद्धाने हा तोल ढळला. स्पेनचा पराभव झाला, प्युर्तो रिको संयुक्त संस्थानांच्या ताब्यात गेले आणि १९०१ च्या प्लॅट दुरुस्तीने क्यूबाच्या स्वातंत्र्यावर हस्तक्षेपाच्या अधिकाराची छाया पडली. रुबेन दारिओने त्याच वर्षी, १८९८ मध्ये, उत्तरेकडील सत्तेला शेक्सपिअरच्या ‘टेम्पेस्ट’मधील कॅलिबनचे रूप दिले. होसे एन्रिके रोदोच्या ‘एरिएल’ (१९००) या ग्रंथात वृद्ध गुरू प्रॉस्पेरो आपल्या शिष्यांना एरिएलच्या, म्हणजे आत्मिक मूल्यांच्या, उपासनेचा उपदेश करतो आणि उत्तरेच्या उपयुक्ततावादाच्या आंधळ्या अनुकरणापासून सावध करतो. त्या राष्ट्राच्या कर्तृत्वाविषयीचे कौतुक रोदो लपवत नाही. पण त्याचे एकंदर समीकरण जडवाद विरुद्ध अध्यात्म असे आहे. हे समीकरण भारतीय वाचकाला अपरिचित वाटणार नाही. त्याची मर्यादाही तितकीच परिचित आहे : दक्षिणेचा ‘आत्मा’ कोणाचा, हा प्रश्न त्यात उपस्थितच होत नाही. त्या भूमीतील आदिवासी, आफ्रिकी वंशाचे श्रमिक, मळ्यांवरील मजूर यांना रोदोच्या वर्गात आसन नाही.

तो मजूर साहित्यात आला तो कंपनीच्या मागोमाग. ६ डिसेंबर १९२८ रोजी कोलंबियातील सिएनागा येथे युनायटेड फ्रूट कंपनीच्या संपकरी कामगारांवर लष्कराने गोळीबार केला. सेनापतीने ४७ मृतांची कबुली दिली. कंपनीच्या प्रतिनिधीचा हवाला देऊन अमेरिकी राजदूताने मात्र मृतांचा आकडा एक हजाराहून अधिक असल्याचे १९२९ च्या जानेवारीत आपल्या शासनास कळवले. गोळ्या कोलंबियन सैनिकांच्या होत्या, हेही विसरता येत नाही. पुढे ग्वाटेमालात याकोबो आर्बेन्सच्या शासनाने १९५२ च्या जमीनसुधारणा कायद्यानुसार कंपनीची पडीक जमीन घेतली आणि तिनेच करासाठी जाहीर केलेल्या मूल्यानुसार सुमारे सव्वासहा लाख डॉलर देऊ केले. वॉशिंग्टनने दीड कोटींहून अधिक डॉलर मागितले. जून १९५४ मध्ये सीआयएने घडवून आणलेल्या उठावात आर्बेन्स पदच्युत झाला. नेरुदाने ‘कांतो हेनेराल’ (१९५०) मध्ये या कंपनीला कवितेचा विषय केले. मिगेल आन्हेल आस्तुरियासने १९५० ते १९६० या काळात केळीच्या मळ्यांवर तीन कादंबऱ्या लिहिल्या. रूपक आता जमिनीवर उतरले होते. त्यात भाव होता, भाडे होते, रेल्वे होती.

गाब्रिएल गार्सिया मार्केसच्या ‘एकाकीपणाची शंभर वर्षे’ (१९६७) या कादंबरीत सिएनागाचे मृत तीन हजारांहून अधिक होतात, आणि अधिकृत कथनात एकही नसतो. आपला आकडा वास्तवाला धरून नाही, हे लेखकाने पुढे स्वतःच मान्य केले. तथापि कादंबरीचा रोख संख्येवर नसून विस्मरणावर आहे : सत्ता माणसे मारते आणि नंतर त्यांची आठवणही नाहीशी करते. या विस्मरणाविरुद्ध उभ्या राहिलेल्या कथनाची घडण ज्याच्याकडून शिकली, तो फॉकनर मिसिसिपीचा होता. ऋण आणि विरोध येथे एकाच वाक्यरचनेत नांदतात.

१९७१ मध्ये क्यूबन समीक्षक रोबेर्तो फेर्नांदेस रेतामारने ‘कॅलिबन’ या निबंधात रोदोचे समीकरण उलटवले. आपले प्रतीक एरिएल नव्हे, तर धन्याची भाषा शिकून त्याच भाषेत शाप देणारा कॅलिबन होय, असे त्याने प्रतिपादले. रोदोने वगळलेल्यांना या रूपकात केंद्रस्थान मिळाले. वसाहतोत्तर समीक्षेला एक समर्थ संकल्पना लाभली. परंतु त्याच वर्षी हवानात एबेर्तो पादिया या कवीला अटक झाली आणि त्याच्याकडून जाहीर आत्मनिंदा वदवून घेण्यात आली. रेतामारचा निबंध या प्रकरणाच्या पार्श्वभूमीवर, क्रांतीच्या टीकाकारांना उत्तर म्हणून लिहिला गेला. परक्या धन्याला शाप देण्याचा हक्क मागणारे हे रूपक घरच्या धन्याला शाप देणाऱ्या कवीविषयी मौन पाळते.

या मौनामुळे मूळचा रोष खोटा ठरत नाही. १८४८, १८९८, १९५४ ही वर्षे कोणाच्या मत्सरातून निर्माण झालेली नाहीत. परंतु रोषाची न्याय्यता आणि त्याच्या रूपकाची पर्याप्तता या दोन भिन्न बाबी आहेत, आणि समीक्षेचे कार्य त्यांच्यामधील अंतर मोजण्याचे आहे. मार्तीच्या सर्वनामाची कसोटी येथेच लागते : ‘आमची’ म्हणताना त्यात कोण सामावले आणि कोण बाहेर राहिले, हा प्रश्न जो लेखक स्वतःच्या बाजूलाही विचारतो, त्याचाच विरोध परक्या सत्तेच्या अस्तानंतरही वाचनीय राहतो.