जैतून, जवस आणि मगनवाडीचा घाणा

दुःखसहनाच्या आदल्या रात्री प्रभू येशूने ज्या बागेत प्रार्थना केली, तिचे नाव गेथशेमाने. या नावाचा अर्थ ‘तेलाचा घाणा’ असा आहे. जैतुनांच्या डोंगराच्या पायथ्याशी फळे चिरडून तेल गाळण्याची ती जागा. आपल्या तारणाच्या इतिहासातील सर्वांत कठीण रात्र एका घाण्याच्या सान्निध्यात गेली, हे आपण सहसा ध्यानात घेत नाही. सारफथच्या विधवेच्या कुपीतील न आटलेले तेल, दयाळू शोमरोनी माणसाने जखमांवर ओतलेले तेल, याकोबाच्या पत्रात सांगितलेला आजाऱ्यांचा अभ्यंग, ही सारी पवित्र शास्त्रातील तेले जैतुनाच्याच मुलखातली.

हेच जैतुनाचे तेल अलीकडे निराळ्या वाटेने आपल्या घरी येऊ लागले आहे. पूर्वी तान्ह्या बाळाच्या मालिशीसाठी औषधाच्या दुकानातून त्याचा लहानसा डबा आणला जाई. आता घरात कोणाची साखर वाढली की हितचिंतक सांगतात, ‘जैतुनाचे तेल सुरू करा.’ २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत देशातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख दाखवली आहे. तेव्हा हा प्रश्न मूठभर घरांचा नव्हे. हे तेल आपल्या साध्या तेलांच्या कितीतरी पट महाग असल्याने हौसेपोटी नव्हे, तर भीतीपोटी ते विकत घेणारी कुटुंबेही आम्हांला ठाऊक आहेत. परंतु कोणते तेल खावे, ते कोठून आणावे, हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रात पूर्वीही गांभीर्याने विचारला गेला होता. तो वर्धा जिल्ह्यात विचारला गेला आणि विचारणाऱ्यांत एक ख्रिस्ती गृहस्थ अग्रभागी होते.

त्या जिल्ह्याच्या तेलाची ओळख करून घ्यायची, तर कारंजा (घाडगे) येथून आरंभ करणे बरे. नागपूर-अमरावती महामार्गावरील हे गाव पूर्वी आर्वी तालुक्यात मोडत असे. आज ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे. हा मुलूख संत्र्यांच्या बागांचा आणि गवळाऊ गुरांचा. (हा बैल चपळ चालीसाठी नावाजलेला, त्याच्या डोळ्यांवर झापड बांधून त्याला घाण्याभोवती गोल फिरवणे म्हणजे त्याच्या गुणांचा अपमानच!) विदर्भाच्या काळ्या जमिनीत जवस, तीळ, करडई, भुईमूग पिकत आणि कपाशीबरोबर सरकीही येई. १८६७ साली रेल्वे नागपूरला पोहोचल्यावर या प्रदेशातील जवस मुंबईच्या बंदरातून युरोपात जाऊ लागले; तेथे त्याचे रंग आणि वार्निश होई. घरापुरते जवस मात्र गावच्या घाण्यावर जाई. जवसाचे तेल फार लवकर खवट होते, म्हणून ते ताजेच वापरावे लागते. घाणा जवळ असणे ही तेव्हा केवळ सोय नव्हती. तेल घरी येई, पेंड गुरांना मिळे आणि गाळणावळ गावातच राही.

पुढे गिरण्या आल्या आणि गावचे घाणे एकामागून एक थांबू लागले. १४ डिसेंबर १९३४ रोजी वर्ध्यात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली, तेव्हा संघापुढील प्रमुख प्रश्नांत हा एक होता. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या बागेत संघाचे ठाणे वसले. मगनलाल गांधी यांच्या स्मरणार्थ तिला मगनवाडी हे नाव मिळाले. संघाचे चिटणीस होते जोसेफ कॉर्नेलियस कुमारप्पा. तंजावरच्या ख्रिस्ती घराण्यात १८९२ साली जन्मलेल्या या गृहस्थांनी लंडनमध्ये हिशेबनिसाचे आणि न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतले होते. ते कॅथलिक नव्हते. तरी प्रभूच्या शिकवणुकीवर त्यांनी स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि तिचा अर्थ ते जन्मभर खेड्यातील माणसाच्या भाकरीत आणि तेलात शोधत राहिले. आपल्या घराघरांत त्यांचे नाव फारसे घेतले जात नाही, याची आम्हांला खंत वाटते.

मगनवाडीत झवेरभाई पटेल यांनी घाण्याचा बारकाईने अभ्यास केला. जुन्या घाण्यात एका खेपेस थोडेच बी मावे, पेंडीत बरेच तेल राहून जाई आणि बैल दमून जाई. पटेलांनी उखळीचा आणि लाटेचा आकार सुधारला, खेप मोठी केली, तेलाचा उतारा वाढवला. हा सुधारलेला घाणा ‘वर्धा घाणा’ या नावाने देशभर ओळखला गेला. दया म्हणून घाणा जगवावा, अशी ही भूमिका नव्हती. घाणा चांगला चालावा, ग्राहकाला शुद्ध तेल मिळावे आणि गाळणाऱ्याला पोटभर मिळावे, असा हा रोकडा विचार होता.

याच मगनवाडीत १९३५ साली गांधीजींच्या देखरेखीखाली सोयाबीन खाण्याचे प्रयोग झाले. इतिहासाची गंमत पाहा. पुढे त्याच सोयाबीनने विदर्भाची शेते व्यापली, जवस-करडई मागे हटली. स्वयंपाकघरात शुद्धीकरण केलेले सोयाबीन तेल आले आणि १९९४ नंतर आयातीची दारे खुली झाल्यावर पामतेलही आले.

सुमारे त्याच शतकात ख्रिस्तसभेनेही तेलाविषयी एक निर्णय केला. संस्कारांसाठी जैतुनाचेच तेल हवे, असा शतकानुशतकांचा दंडक होता. जेथे जैतून पिकत नाही, तेथील अनेक महागुरूंनी अडचण मांडली. ३० नोव्हेंबर १९७२ च्या आपल्या आज्ञापत्रात पोप सहावे पॉल यांनी रुग्णाभ्यंगासाठी अन्य वनस्पतींचे तेलही चालेल, असे ठरवले. १९८३ च्या धर्मविधिसंहितेत ते कायम झाले. जो अभ्यंग जैतुनाने होतो, तो तिळाच्या तेलानेही होऊ शकतो.

मग साखरेचे काय? जैतुनाच्या तेलाची कीर्ती निराधार नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. स्पेनमध्ये ५५ ते ८० वर्षे वयाच्या हजारो स्त्रीपुरुषांवर दीर्घ अभ्यास झाला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या एका भागात, पहिल्या घाण्याचे जैतून तेल वापरणाऱ्या गटात नव्याने मधुमेह होण्याचे प्रमाण, कमी स्निग्धांशाचा आहार सुचवलेल्या गटापेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी आढळले. याच अभ्यासाचा हृदयविकारावरील मुख्य निबंध मात्र गटवाटणीतील चुकांमुळे २०१८ साली मागे घेऊन दुरुस्तीसह पुन्हा छापावा लागला. शिवाय त्या लोकांच्या ताटात भाज्या, कडधान्ये, फळे आणि मासळी होती. तेल त्या ताटाचा एक भाग होता. लोणी-तुपासारख्या स्निग्धांशाच्या जागी ते आले तर शरीरातील इन्सुलिनचे काम सुधारू शकते. नेहमीच्या तेलावर आणखी दोन चमचे ओतले तर वाढते ते वजन. झणझणीत तर्रीवर जैतुनाची धार सोडून साखर उतरत नाही!

आपल्या तेलांनाही औषध म्हणण्याचा मोह टाळावा. शेंगदाणा तेलात जैतुनातील मुख्य स्निग्धाम्ल, ओलेइक आम्ल, जवळजवळ निम्मे असते. जवसात निम्म्याहून अधिक ओमेगा-३ असते. करडईची घडण आणखी वेगळी. घाण्याच्या न शुद्ध केलेल्या तेलात बियांचा वास आणि काही उपयुक्त द्रव्ये टिकतात, हेही खरे. पण कॅलरी सर्वांच्या सारख्याच, एका ग्रॅमला ९. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज सुमारे ३८ ग्रॅम, म्हणजे ३४० कॅलरी नुसत्या तेलाच्या झाल्या. हिशेबनीस कुमारप्पांनी मधुमेही घराची वही तपासायला घेतली असती, तर तेलाच्या नावाआधी त्यांची नजर या आकड्यावर गेली असती, असे आम्हांला वाटते. डॉक्टरांनी दिलेली गोळी किंवा इन्सुलिन कोणत्याही तेलाच्या भरवशावर बंद करू नये, हे वेगळे सांगायला नको.

३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींच्या हस्ते उघडलेले मगन संग्रहालय आजही वर्ध्यात आहे. कारंज्याहून कामानिमित्त वर्ध्याला जाणाऱ्या वाचकांनी तासभर काढून तेथे जरूर डोकवावे.