बोलावून आणलेली फौज

मावळातील कार्ले या गावाचे नाव निघाले की कोणास तेथील चैत्यगृह आठवते, तर कोणास एकवीरा आई. पण याच डोंगराच्या पायथ्याशी इ. स. १७७९ च्या जानेवारीत मराठ्यांची व इंग्रजांची झुंज झाली, आणि पुढे आठ-दहा दिवसांतच वडगाव येथे इंग्रजी फौजेस तहाची याचना करावी लागली, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ज्यांच्या ध्यानात असते ते ही हकीकत मराठी पराक्रमाची कथा म्हणून सांगतात, आणि तसे सांगण्यात गैर काही नाही. तथापि या मोहिमेच्या पोटात पराक्रमाहून निराळा असा एक प्रश्न आहे. बलाढ्य सत्तेने दुसऱ्याच्या मुलखात आपली फौज न्यावी किंवा ठेवावी, हे केव्हा न्यायाचे व केव्हा अन्यायाचे? हा वाद आजही जगात ऐकू येतो, आणि दोन्ही पक्षांची बहुतेक प्रमाणे कार्ल्याच्या वाटेवर एकदा मांडली जाऊन गेलेली आहेत. तेव्हा ती तपासून पाहणे निरर्थक होणार नाही.

प्रथम इंग्रजांची बाजू त्यांच्याच तोंडून ऐकावी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून झाला. राघोबादादा गादीवर बसले. पण १८ एप्रिल १७७४ रोजी नारायणरावांच्या पत्नी गंगाबाई यांस पुत्र झाला व बारभाईंनी त्या बालकाच्या नावाने कारभार हाती घेतला. राघोबादादांनी मुंबईकर इंग्रजांकडे धाव घेतली. मार्च १७७५ मध्ये सुरतेस करार झाला. इंग्रजांनी अडीच हजार फौज द्यावी, दादांनी तिच्या खर्चासाठी दरमहा दीड लाख रुपये द्यावे, तारण म्हणून सहा लाखांचे जवाहीर ठेवावे, आणि साष्टी व वसई कायमची तोडून द्यावी, असे त्याचे मुख्य कलम. मुंबईकरांचे म्हणणे असे की आम्ही आपण होऊन आलो नाही; हक्कदार पुरुषाने बोलावले म्हणून आलो.

हे म्हणणे वरवर सयुक्तिक दिसते. परंतु तारखा पाहिल्या म्हणजे त्याचा रंग उतरतो. साष्टीतील ठाण्याचा किल्ला इंग्रजांनी डिसेंबर १७७४ च्या अखेरीसच घेतला होता. त्या वेळी निमित्त सांगितले ते पोर्तुगीजांचे: ते साष्टी परत घेण्यास येत आहेत, तेव्हा आपण आधी घ्यावी! म्हणजे मुलूख आधी घेतला आणि आमंत्रण मागाहून मिळाले.

याहून महत्त्वाची गोष्ट ही की, या कृत्याचा निषेध प्रथम इंग्रजांच्याच घरातून झाला. १७७३ च्या रेग्युलेटिंग ॲक्टाने युद्धतहाच्या बाबतीत मुंबईवर कलकत्त्याचा अधिकार ठेवला होता. तेथील कौन्सिलाने मुंबईचे युद्ध अविचाराचे, धोक्याचे, अधिकाराबाहेरचे व अन्यायाचे ठरविले, आणि कर्नल अप्टन यास पाठवून १ मार्च १७७६ रोजी पुरंदरचा तह केला. सुरतेचा करार रद्द झाला. मात्र या न्यायनिष्ठेलाही एक मर्यादा होती. युद्ध अन्यायाचे खरे. पण त्यात मिळालेली साष्टी इंग्रजांकडेच राहावी आणि युद्धखर्चाचे बारा लाख रुपये पुण्याने द्यावे, अशीही कलमे त्याच तहात होती. इतक्यात लंडनच्या डायरेक्टरांचे पत्र आले, त्यात सुरतेच्या कराराला पसंती होती! एका राज्यसत्तेची ही तीन तोंडे पाहिली म्हणजे असे वाटते की, धोरणाचा न्याय-अन्याय तिच्या घरी मुळीच बोलला जात नव्हता असे नव्हे. तो बोलला जात होता, लिहिलाही जात होता. परंतु हाती आलेली वस्तू सोडावयाची वेळ आली की तो वाद तेथेच संपत होता.

दुसरे प्रमाण भीतीचे. १७७७ साली सें लुबें नावाचा फ्रेंच गृहस्थ पुण्यास आला व नाना फडणविसांनी त्याचा सत्कार केला. अमेरिकेतील वसाहती इंग्रजांशी लढत होत्या, आणि १७७८ साली फ्रान्स त्यांच्या बाजूस मिळाले. अशा वेळी पश्चिम किनाऱ्यावर फ्रेंचांस बंदर मिळाले तर मुंबईचे काय होईल, ही चिंता केवळ बहाणा होती असे म्हणणे न्यायाचे होणार नाही. पण भीतीमुळे स्वतःचा बंदोबस्त करण्याचा अधिकार येतो. शेजाऱ्याच्या घरचा धनी बदलण्याचा अधिकार येत नाही. मुंबईकरांनी ही सीमारेषा ओलांडली. पुण्यात मोरोबा फडणीस वगैरे मंडळींनी दादांस आणण्याचा घाट घातला, त्याचे त्यांनी पुन्हा 'आमंत्रण' केले. १७७८ च्या मध्यास मोरोबा कैदेत पडला, कट मोडला, तरी आमंत्रण जिवंतच धरून नोव्हेंबरात फौज निघाली.

सुमारे ३,९०० लोक आणि सामानासाठी १९ हजारांवर बैल असा हा लवाजमा बोरघाट चढून आला. सेनापती एजर्टन, त्यांच्यावर कमिटीचे कारनाक, आणि बरोबर राघोबादादा. खंडाळ्यापासून कार्ले अवघे आठेक मैल. पण ही फौज दिवसास मैलभरही सरकेना. मराठी पथके पुढे हटत, बगलेवर येत, रसद तोडीत. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ले येथे कॅप्टन स्टुअर्ट तोफेस बळी पडला. या गड्याचे शौर्य शत्रूनेही मानले व त्यास 'इष्टुर फाकडा' हे नाव दिले. वडगावास त्याची समाधी आजही दाखवितात. शत्रूच्या मर्दुमकीचा असा गौरव करणे मावळच्या लोकांस साजेसेच होय. पण शिपायाचे शौर्य ही एक गोष्ट आणि त्यास पाठविणाऱ्यांचे धोरण ही दुसरी. पहिलीने दुसरीचे समर्थन होत नाही.

मुंबईकरांची खरी परीक्षा कार्ले व तळेगाव यांच्या दरम्यान झाली. दादा दिसताच सरदार व रयत त्यांना येऊन मिळतील, या भरवशावर सारा डाव उभारला होता. कोणी आले नाही. ९ तारखेस तळेगाव गाठले तो गाव जळालेला, दाणागोटा नाही. ज्या प्रजेच्या हितासाठी आपण आलो असे म्हणावयाचे, तीच आपली गावे जाळून आपल्याला वाट देते, याहून स्पष्ट उत्तर ते कोणते? ११ जानेवारीच्या रात्री इंग्रजांनी जड तोफा तलावात लोटल्या व माघार घेतली. दुसऱ्या दिवशी महादजी शिंदे, तुकोजी होळकर व हरिपंत फडके यांच्या फौजांनी त्यांस वडगावी कोंडले. झालेल्या तहान्वये साष्टीसुद्धा सारे मुलूख परत द्यावयाचे होते. पण फौज सुटून मुंबईस पोहोचताच, तह करणाऱ्यांस तसा अधिकारच नव्हता, असे सांगून तो नाकारण्यात आला. लढाई पुढे तीन वर्षे चालली आणि १७ मे १७८२ च्या सालबाईच्या तहाने साष्टी इंग्रजांकडेच राहिली.

तिसरे प्रमाण उपकारांचे, आणि ते आजही सुशिक्षित घरांतून ऐकू येते. टोपीकर आले म्हणून १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता झाला, १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी धावली. मग त्यांचे येणे वाईट कसे? याचे उत्तर कार्ल्याच्या लेण्यातच कोरलेले आहे. क्षहरात क्षत्रप हे परकीय वंशाचे राजे. त्यांचा जावई उषवदात याने येथील भिक्षूंना करजिक गाव दिल्याचा लेख तेथे आहे. पुढे सातवाहनांनी क्षहरातांची सत्ता मोडली. तरी या मामाल प्रांतातील, म्हणजे आपल्या मावळातील, आपल्या अधिकाऱ्यास आज्ञा करून तेच गाव भिक्षूंकडे कायम केले. दान राखले, राज्य मात्र राखले नाही. उपकार मान्य करावे आणि सत्तेचा हक्क नाकारावा, यात विसंगती नाही, हे आपल्या पूर्वजांस दोन हजार वर्षांपूर्वी कळत होते.

येथे कोणी म्हणेल की, मराठ्यांनी तरी दुसरे काय केले? हा आक्षेप टाळून चालणार नाही. १७४२ पासून रघूजी भोसल्यांच्या फौजांनी बंगाल्यात जो धुमाकूळ घातला, त्याची आठवण तेथील लोकांत बर्गीच्या नावाने अजून आहे. आणि १७५१ साली ओरिसा व बारा लाखांची चौथाई घेऊनच ते स्वस्थ बसले. तेथील शेतकऱ्यास ही फौज न्याय्य वाटली असेल काय? ज्या मापाने मुंबईकरांस मोजावयाचे त्याच मापाने नागपूरकरांसही मोजले पाहिजे, नाहीतर आपला वाद न्यायाचा न राहता केवळ अभिमानाचा उरतो.

मग माप कोणते? आमंत्रण आले की नाही, हे माप पुरेसे नाही; आमंत्रण देणारा कोणी ना कोणी प्रत्येक घरात सापडतोच. खरे माप असे दिसते की, जो बोलावतो त्याला ती फौज परत पाठविता येते काय? राघोबादादांचे पुत्र दुसरे बाजीराव यांनी ३१ डिसेंबर १८०२ रोजी वसईस तह केला. सहा पलटणी कायमच्या आल्या, त्यांच्या खर्चासाठी २६ लाखांचा मुलूख गेला, आणि इंग्रजांस विचारल्यावाचून दुसऱ्या दरबाराशी बोलणेही बंद झाले. पंधरा वर्षांनी पेशव्यांनी ती फौज घालवू पाहिली तेव्हा ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि काही महिन्यांत राज्यच गेले.

अलीकडच्या जगासही हे माप लागू पडते. सोव्हिएत फौज डिसेंबर १९७९ मध्ये अफगाणिस्तानात गेली ती तेथील सरकारच्या विनंतीवरून, असे सांगण्यात आले. पण त्या सरकारचा प्रमुख हाफिझुल्ला अमीन त्याच फौजेकडून मारला गेला. उलट फिलिपाईन्सच्या सेनेटने सप्टेंबर १९९१ मध्ये अमेरिकेच्या तळाचा नवा करार एका मताने फेटाळला, आणि पुढल्या वर्षाच्या नोव्हेंबरात अमेरिकेचे आरमार सुबिक सोडून गेले. आपल्या देशाने १९८७ साली करारान्वये श्रीलंकेत शांतिसेना पाठविली. हजारावर जवान तेथे पडले. १९८९ साली तेथील अध्यक्षांनी ती परत न्यावी असे सांगितले आणि मार्च १९९० मध्ये शेवटची तुकडी परतली. ते पाठविणे शहाणपणाचे होते की नव्हते याविषयी मतभेद राहतील; पण निरोप मिळाल्यावर फौज निघाली, हे त्या प्रकरणातले आपल्या बाजूचे सर्वांत मोठे प्रमाण होय.

कार्ल्यास १७७९ साली जे झाले त्याचा विजय म्हणून अभिमान जरूर बाळगावा. परंतु तेवीस वर्षांनी तीच फौज, त्याच घराण्याच्या सहीने, कायमची आत आली. रणात जे राखले ते कागदावर गेले, आणि तो कागद लिहून देणारा परका नव्हता. परकीय सत्तेच्या धोरणाचा न्याय करताना तिच्याकडे जितके रोखून पाहावे, तितकेच आपल्या घरातील आमंत्रण देणाऱ्याकडेही पाहावे, एवढाच या इतिहासाचा सांगावा आहे.