रब्बी हंगामात शेतकरी कुटुंबाचे आरोग्य : थंडीपूर्वी करावयाची तयारी

रब्बीच्या पेरणीआधी आपण बियाण्याला बीजप्रक्रिया करतो. रोग आल्यावर फवारण्यापेक्षा आधीची तयारी स्वस्त पडते, हे आपल्याला ठाऊक असते. शरीराचेही तसेच आहे. डिसेंबरात सर्दी-खोकला सुरू झाल्यावर आणलेल्या काढ्याने किंवा बाटलीतल्या टॉनिकने प्रतिकारशक्ती एका आठवड्यात तयार होत नाही. पुरेसा आहार, झोप, वेळेवर लस आणि जुन्या आजारांवर नियमित औषध यांतून ती हळूहळू टिकून राहते. त्यामुळे ही तयारी ऑक्टोबरपासूनच सुरू करावी.

शेतकऱ्याचा हिवाळा शहरातल्या माणसापेक्षा वेगळा असतो. रात्रीच्या विजेवर गहू-हरभऱ्याला पाणी देणे, पहाटेच्या दवात भाजीची तोडणी, तूर-सोयाबीनच्या मळणीची धूळ, शेकोटीचा धूर हे सगळे याच काळात येते. म्हणून फक्त काय खावे एवढे पाहून भागत नाही, काम कसे करावे हेही पाहावे लागते.

१. परसबाग : थंडीतील भाजीची पेरणी आधीच करा

- मेथी २५ ते ३० दिवसांत आणि पालक ३० ते ३५ दिवसांत काढणीला येतो. दर १०-१५ दिवसांनी एकेक वाफा पेरल्यास पूर्ण हिवाळाभर भाजी मिळते.
- मुळा ४० ते ४५ दिवसांत तयार होतो. गाजराला ८० ते ९० दिवस लागतात, म्हणून ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात पेरलेले गाजर भोगीच्या भाजीला घरचेच मिळते.
- बांधावर शेवग्याचे एक झाड असावे. शेंगांबरोबर पाल्याचीही भाजी करावी.
- हरभरा ३०-३५ दिवसांचा झाल्यावर फुटवे वाढावेत म्हणून शेंडे खुडतात. हे शेंडे म्हणजे उत्तम पालेभाजी आहे. त्याआधी फवारणी झाली असल्यास लेबलवर दिलेला प्रतीक्षा कालावधी पूर्ण झाल्याशिवाय ते खाऊ नयेत. हुरड्यालाही हाच नियम लावावा.

२. आहार : घरच्या धान्यातून ताकद

बाजरी : १०० ग्रॅम बाजरीत साधारण ११ ग्रॅम प्रथिने आणि ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते. स्त्रिया व किशोरवयीन मुलींमध्ये रक्तक्षय मोठ्या प्रमाणात आढळतो, त्यामुळे त्यांच्या ताटात बाजरी आवर्जून असावी. महाराष्ट्रासाठी २०१२ साली प्रसारित झालेल्या 'धनशक्ती' या वाणात लोहाचे प्रमाण अधिक आहे. घरी खाण्यापुरती बाजरी लावताना पुढील खरिपात या वाणाचा विचार करता येईल. बाजरीत स्निग्धांश जास्त असल्याने पीठ लवकर कडू होते. एका वेळी आठवडाभर पुरेल एवढेच दळावे.

लोह अंगी लागण्यासाठी : भाकरी-पालेभाजीबरोबर लिंबू, आवळा किंवा कच्चा टोमॅटो घ्यावा. 'क' जीवनसत्त्वामुळे धान्य-भाजीतील लोह चांगले शोषले जाते. जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतल्यास ते कमी शोषले जाते. चहा आणि जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे.

तीळ, जवस, कारळे : सालीसकट तिळात कॅल्शियम भरपूर असते. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिश्र भाजी करण्याची आपली पद्धत थंडीसाठी योग्यच आहे. ती एका दिवसापुरती न ठेवता आठवड्यातून दोन-तीनदा करावी. तीळ-जवसाची चटणी रोज ताटात ठेवावी.

प्रथिने : शरीराची संरक्षण यंत्रणा प्रथिनांवरच उभी असते. डाळ, उसळ, शेंगदाणे, दूध-दही आणि चालत असल्यास अंडी किंवा मासे यांपैकी काहीतरी दोन्ही वेळच्या जेवणात असावे. सगळे दूध डेअरीला घालून घरातल्या मुलांसाठी काहीच न ठेवणे परवडणारे नाही.

गूळ व काढा : गूळ चांगला असला तरी ती साखरच आहे. मधुमेह असलेल्यांनी तिळगूळ व डिंकाचे लाडू बेताने खावेत. आले-तुळशीच्या काढ्याने घशाला आराम मिळतो, पण दिवसातून अनेकदा कडक काढा घेतल्यास पित्त वाढते. तो औषधाला किंवा लसीला पर्याय नाही.

पाणी : थंडीत तहान लागत नाही, म्हणून पाणी कमी प्यायले जाते. तरीही दिवसभरात दोन ते अडीच लिटर पाणी पोटात जावे.

३. रात्रीचे पाणी देताना

उत्तर महाराष्ट्र आणि विदर्भात थंडीच्या लाटेत पारा बराच खाली जातो. निफाडसारख्या भागात तो कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो. अशा वेळी ओल्या कपड्यांत उभे राहणे खरे धोक्याचे असते, कारण कोरड्या कपड्यांपेक्षा ओल्या कपड्यांतून शरीराची उष्णता फार वेगाने निघून जाते.

- एका जाड कपड्यापेक्षा दोन-तीन पातळ कपडे एकावर एक घालावेत. कान, डोके व मान झाकावी.
- गमबूट घालावेत. कोरड्या मोज्यांचा व कपड्यांचा एक जोड प्लॅस्टिकच्या पिशवीत सोबत ठेवावा.
- बॅटरी व काठी घ्यावी. थंडीतही साप निघतात. विशेषतः घोणस या काळात सक्रिय असते.
- शक्यतो एकट्याने जाऊ नये. घरी परतण्याची वेळ सांगून जावे.
- दारूने ऊब येते हा समज घातक आहे. दारूमुळे त्वचेकडे रक्त वाढून गरम वाटते, पण शरीराची आतील उष्णता कमी होते.
- पाळी संपल्यावर दिवसा झोप भरून काढावी. सलग अनेक रात्री जागरण झाल्यास प्रतिकारशक्ती कमी होते. घरातील व्यक्तींनी पाळ्या वाटून घ्याव्यात.

धोक्याची लक्षणे : खूप थरथर, बोलताना अडखळणे, तोल जाणे, गोंधळल्यासारखे वागणे. थरथर थांबली आणि माणूस सुस्त झाला, तर परिस्थिती अधिक गंभीर समजावी. ओले कपडे काढून कोरड्या घोंगडीत गुंडाळा आणि पूर्ण शुद्धीत असल्यास गरम गोड चहा किंवा दूध द्या. हातपाय जोरात चोळू नका, आगीच्या अगदी जवळ बसवू नका. लगेच १०८ वर फोन करा.

४. शेगडी, शेकोटी आणि धूळ

- बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग किंवा वास नसतो. झोपेतच बेशुद्धी येऊन मृत्यू होऊ शकतो. डोके दुखणे, मळमळ, चक्कर जाणवताच बाहेर मोकळ्या हवेत यावे.
- द्राक्षबागेत थंडीपासून बचावासाठी शेकोट्या पेटवताना वारा येतो त्या बाजूला उभे राहावे. दमा असलेल्या व्यक्तीला हे काम देऊ नये.
- मळणीच्या वेळी मास्क लावावा. मळणी यंत्रावर सैल मफलर, शाल किंवा पदर नको. तो यंत्रात अडकू शकतो.
- स्वेटर घालून फवारणी करू नये. लोकर औषध शोषून घेते आणि तोच स्वेटर नंतर घरात वापरला जातो. फवारणीचे कपडे वेगळे ठेवून वेगळे धुवावेत.

५. कोणी विशेष काळजी घ्यावी

रक्तदाब व हृदयविकार असलेले : थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात आणि रक्तदाब वाढतो. पहाटे उठून एकदम जड काम सुरू करू नये. 'बरे वाटते' म्हणून गोळ्या बंद करू नयेत. लोणचे-पापड कमी खावेत. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात वेदना, दरदरून घाम अशी लक्षणे दिसल्यास गॅस समजून वाट पाहू नये, लगेच १०८ वर फोन करावा.

ज्येष्ठ, गरोदर स्त्रिया, मधुमेही व दमेकरी : इन्फ्लूएन्झाच्या लशीबाबत डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. लस घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, म्हणून ती थंडी वाढण्यापूर्वी घ्यावी.

टाचांच्या भेगा : भेगांत शेणमाती जाऊन जंतुसंसर्ग होतो. रोज रात्री पाय धुऊन, कोरडे करून तेल किंवा व्हॅसलिन लावावे. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असल्यास आरोग्य केंद्रात विचारावे. मधुमेहींनी पायांची रोज तपासणी करावी.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला : त्याला 'थंडीचा खोकला' म्हणून सोडू नका. सोबत संध्याकाळचा ताप किंवा वजन घटणे असेल, तर क्षयरोगाची तपासणी करा. सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी व उपचार मोफत आहेत.

महिनावार नियोजन

- ऑक्टोबर : परसबागेची पेरणी, रक्तदाब-साखर-हिमोग्लोबिन तपासणी, लशींची चौकशी.
- नोव्हेंबर : गमबूट, बॅटरी, उबदार कपडे तयार ठेवणे. पाण्याच्या पाळ्यांचे वेळापत्रक. घरातील औषधे महिनाभर पुरतील एवढी आणून ठेवणे.
- डिसेंबर-जानेवारी : हवामान अंदाज रोज पाहणे. थंडीच्या लाटेत शक्य तेवढे पाणी दिवसा देणे. आवळा, पालेभाजी, बाजरी आहारात ठेवणे.

विस्तार कार्यकर्त्यांसाठी

रब्बी पूर्वतयारीच्या गावबैठकीत बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकाबरोबर आशाताईंना बोलावून रक्तदाब व हिमोग्लोबिन तपासणी ठेवता येते. रात्री पाणी देणाऱ्यांची नावे व फोन नंबर गावपातळीवर एकमेकांना माहीत असल्यास अडचणीच्या वेळी मदत लवकर पोहोचते. पिकाचे एखादे पाणी चार तास उशिरा दिले तर फारसे बिघडत नाही. पाणी देणारा माणूस सुखरूप घरी येणे जास्त महत्त्वाचे आहे, हे प्रत्येक बैठकीत स्पष्टपणे सांगावे.