बोरघाटातली थकलेली मजुरी

खंडाळ्याचे बोगदे सुरू झाले की आमच्या सहलीची मुलं ओरडतात. मला मात्र जानेवारी १८५९ आठवतो.

बोरघाटातल्या रेल्वेचं काम १८५६मध्ये सुरू झालं. ठेका फॅव्हिएल या इंग्रज कंत्राटदाराचा. हजारो मजूर कातळ फोडत होते आणि मजुरी थकली होती. त्या जानेवारीत ते उठले, गोऱ्या मुकादमांवर चालून गेले. त्याच वर्षी फॅव्हिएलने ठेका सोडला. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल थोड्याच दिवसांत वारला. त्याच्या पत्नीने, ॲलिसने, काम पुढे नेलं. घाटाच्या इतिहासात तिचं नाव राहिलं. मजुरांची नुसती संख्या उरली.

अशा दंग्यांनंतर १८६०चा कायदा आला. थकलेल्या मजुरीचा निवाडा मॅजिस्ट्रेट झटपट करू लागला, हे खरंच. पण काम अर्धवट सोडणाऱ्या मजुराला तुरुंगही त्याच कायद्यात होता. पैसे बुडवणारा नुसता देणेकरी, काम सोडणारा गुन्हेगार! हे १९३२पर्यंत चाललं. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी, हे आपण लहानपणापासून खुतब्यात ऐकतो. घाटात तर मजुरी मागायलाच दंगा करावा लागला.

लोणावळ्यात बंगले बांधणाऱ्यांसारख्या मजुरांसाठी १९९६मध्ये बांधकाम कामगार कायदा आला. मंडळाकडे नोंदणी करायची तर वर्षभरात ९० दिवस काम केल्याचा दाखला लागतो. परवा एका विद्यार्थ्याचे अब्बा तो अर्ज घेऊन आले. आम्ही सगळे रकाने भरले, ठेकेदाराच्या सहीपाशी अडलो.

“सर, सही मागितली तर उद्या कामावर बोलावणार नाही,” ते म्हणाले.