वाळूत पुरलेली दारू

भूकंपाचे धक्के मोजण्याच्या अगदी सुरुवातीच्या प्रयोगांपैकी एक समुद्रकिनाऱ्यावर झाला होता. कुवेतमध्ये मुलं वाढवणाऱ्या तुम्हा मंडळींना ही गोष्ट उपयोगी पडेल.

१८४९ साली रॉबर्ट मॅलेट या आयरिश इंजिनियरने डब्लिनजवळ किलायनीच्या किनाऱ्यावर वाळूत दारूची पिंपं पुरली. (बंदुकीची दारू. कुवेतमध्ये हा शब्द जपून वापरलेला बरा!) अर्ध्या मैलावर पाऱ्याचं भांडं ठेवलं. स्फोटाचा हादरा पोचला की पाऱ्यातलं प्रतिबिंब थरथरायचं. तोवर लागलेला वेळ मोजायचा. वाळूतला वेग निघाला सेकंदाला जेमतेम २५० मीटर. ग्रॅनाइटमध्ये तो दुपटीच्या आसपास भरला, पण मॅलेटच्या अपेक्षेपेक्षा दोन्ही आकडे फारच कमी होते. कागदावरचं गणित जमिनीत उतरताना बदलतं, हे त्याला वाळूने शिकवलं.

तुम्हाला दारू नको. किनाऱ्यावर जाताना परात आणि खराट्याच्या काड्या न्या. परातीत ओली वाळू घट्ट दाबा, एक लांब आणि एक आखूड काडी रोवा, टोकांना कणकेच्या गोळ्या लावा. परात सावकाश हलवली की लांब काडी डोलते, आखूड जवळजवळ गप्प. भराभर हलवा, आता आखूड काडी थरथरू लागते.

१२ नोव्हेंबर २०१७च्या रात्री ९:१८ला इराण-इराक सीमेवर ७.३ तीव्रतेचा भूकंप झाला आणि सुमारे ६४० किलोमीटर दूर कुवेतमधली माणसं इमारतींतून रस्त्यावर आली. एवढ्या वाटेत झटपट थरथरणाऱ्या लाटा विरतात, संथ लाटा उरतात. म्हणून उंच इमारती जास्त डोलतात. किल्लारीत उलटं. ३० सप्टेंबर १९९३ला, विसर्जनानंतरच्या पहाटे, केंद्र अगदी पायाखाली होतं. बसकी दगड-मातीची घरं, वर मातीचं जड छप्पर. सुमारे दहा हजार माणसं गेली. आजी-आजोबांकडून किल्लारीचं नाव ऐकलेल्या मुलांना दोन काड्यांत हा फरक दिसतो.

मग मोठी मुलं विचारतातच, कुवेतचे स्वतःचे भूकंप कुठले? ते बहुधा लहान असतात आणि बरेचसे मिनागिश, उम्म गुदैर, सबरिया, रौदातैन या तेलक्षेत्रांच्या आसपास होतात. तेलउपशाशी त्यांचा संबंध किती, यावर वाद आहे. इथे त्यांना कोयना सांगा: १९६२पासून जलाशय भरू लागला, धक्के सुरू झाले आणि ११ डिसेंबर १९६७ला पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं. तिथे पाण्याचा हात असल्याचं आता बहुतेक शास्त्रज्ञ मानतात.